आवाज न करणारा कॉम्प्युटर

डोंबिवली पूर्व
१२ जानेवारी २०२५

प्रिय उर्वी,

"उर्वीचं गाणं ऐकायचं असेल तर आधी खोली गप्प करा." बाळ सर असं म्हणाले तेव्हा आपण दोघी क्लासमध्ये नव्या होतो. सर नुसतं म्हणाले नाहीत, त्यांनी उठून पंखा बंद केला, खिडकी ओढून घेतली, दाराशी चपला काढताना बोलणाऱ्या बायकांना हातानेच थांबवलं. मग तू गायलीस. खरं सांगू, मला राग आला होता. मी गाताना कुणी पंखा बंद केला नव्हता. माझा आवाज पंख्यावरून सहज जायचा.

हे आता आठवायला कारण घडलं आहे, आणि ते कामाचं आहे. कामाचं आहे म्हणूनच पत्र लिहिण्याचं धाडस करते. फोन तू उचलत नाहीस. मेसेज पोचत नाहीत. तू मला बंद करून ठेवलं आहेस हे कळायलासुद्धा मला तीन महिने लागले, मी आपली नेटवर्कला नावं ठेवत होते. कोलशेतचा पत्ता बदलला नसेल असं धरून कुरिअर करते.

तर, मी घरी रेकॉर्डिंग करण्यासाठी कॉम्प्युटर घेतेय. तयार नाही, एकेक भाग निवडून जोडून घेणार आहे. मंगलाष्टकांचं काम फार बदललं गं. चौदा वर्षं आपण अंतरपाटाशेजारी वही धरून उभ्या राहिलो, ठाण्यापासून कल्याणपर्यंत एक हॉल सोडला नाही. आता निम्मे लोक म्हणतात, "मॅडम, तुम्ही नका येऊ, फाइल पाठवा." मुलाचं नाव, मुलीचं नाव, दोन्हीकडच्या आज्यांची नावं मोबाइलवर येतात. मी कडवी रचते, म्हणते, पाठवते. लग्नात डीजेवाला ती लावतो. मागच्या महिन्यात मुहूर्ताला वेळ होता आणि फाइल संपली, तर त्याने ती पुन्हा पहिल्यापासून लावली. नवरा-नवरी हार धरून दुसऱ्यांदा गणपतीचं नमन ऐकत उभे. गुरुजींनी मला फोन करून झापलं, जणू मीच बटण दाबलं.

हे सगळं आतापर्यंत सौमित्रच्या जुन्या लॅपटॉपवर चालायचं. लॅपटॉप तापला की त्याचा पंखा घोंघावतो आणि माइक ते सगळं पकडतो. सौमित्र म्हणतो, "क्षिप्रा, तुझ्या प्रत्येक नवरीच्या मागे एक पिठाची गिरणी चालू आहे." माझ्या आवाजाखाली ती गिरणी दबते. गिऱ्हाइकांच्या लक्षातही येत नाही. तरी मला नवा हवा आहे.

तुला एवढंच विचारायचं होतं. आपली पहिली सीडी तूच केली होतीस, स्वानंदच्या कॉम्प्युटरवर, त्याला बाजूला सरकवून. तुला यातलं कळतं. रॅम सोळा पुरेल की बत्तीस घेऊ? स्वानंद गेल्यावर तो कॉम्प्युटर तू कधी चालू केलास का, हे विचारणार नव्हते, पण लिहिलं गेलं. खोडत नाही.

तुझ्या लेकीला, सान्वीला आशीर्वाद.

तुझी
क्षिप्रा

•

डोंबिवली पूर्व
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय उर्वी,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचल्याची खूण मात्र कुरिअरवाल्याने पाठवली, खाली सही तुझीच होती. ती सही मी दोनदा मोठी करून पाहिली. 'उ' अजून तसाच काढतेस, शेपटी लांब.

मानपाडा रोडवर एक दुकान सापडलं. राजरत्न नावाचा माणूस चालवतो, चाळिशीचा असेल, आणि त्याला वाटतं जगातला प्रत्येक कॉम्प्युटर खेळ खेळण्यासाठीच असतो. मी म्हटलं गाण्यासाठी हवाय, तर म्हणाला, "चालेल ना मॅडम, पण ग्राफिक्स कार्ड टाकूनच घ्या. उद्या पोरं खेळतील." मी म्हटलं, पोरं नाहीत. मग तो जरा गडबडला आणि रंगीत दिव्यांचे पंखे दाखवायला लागला.

"हे बघा, सात कलर मारतो. एकदम भारी लुक येतो."

"मंगलाष्टकाला लुक कशाला?"

"अरे मॅडम, लग्नाचंच काम आहे ना? लायटिंग पाहिजेच की."

मग मीही हसले. त्याच्याकडे तीन चकरा झाल्या. तिसऱ्या वेळी त्याने स्टूल पुढे केलं, चहा मागवला आणि नीट ऐकून घेतलं. आता मला बरंच समजतं. गाण्याला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. ते काढलं की एक पंखा कमी झाला. प्रोसेसर चांगला लागतो, कारण तो मागे पडला तर गाणाऱ्याच्या कानात त्याचाच आवाज उशिरा पोचतो आणि लय सुटते. जुनी फिरती हार्ड डिस्क अजिबात नको, ती बारीक कुरकुरते, त्याऐवजी एसएसडी, तिच्यात हलणारं काही नसतं. पॉवर सप्लाय असा मिळतो, की काम कमी असताना त्याचा पंखा फिरतच नाही. आणि कॅबिनेट आतून स्पंज लावलेलं, जाड दारांचं.

यादी बघून राजरत्न म्हणाला, "एक विचारू का? राग नका मानू. तुम्ही बोलता तेव्हा माझं अर्धं दुकान वळून बघतं. तुमच्या आवाजाला एवढा सायलेंट कॉम्प्युटर कशाला? बसेल तसा बसवा, काही फरक नाही पडणार."

मी म्हटलं, "दुसरं कुणी गाईल कधी."

"कोण?"

मी म्हटलं, "आहे एक."

उर्वी, हे कामाचं पत्र राहिलेलं नाही, मला कळतंय. पण आज एवढंच. आपण मांडवात जायच्या आधी जे करायचो ते हल्ली मला सारखं आठवतं. हॉलच्या मागच्या खोलीत बायकांची झुंबड, कुणाची पिन, कुणाची नथ, आणि त्यात आपण एकमेकींच्या कानाला तोंड लावून एक ओळ म्हणायचो. बाहेर सनई आणि स्पीकर, स्वतःचा आवाज स्वतःला ऐकूच येत नसे. दुसरी सांगेल ते खरं. ती 'चल' म्हणाली की चल. 'आज खालून घे' म्हणाली की खालून. चौदा वर्षांत एकदाही आपण त्यावर वाद घातला नाही. एकदा माझा घसा गेला होता, तू नुसती मान हलवलीस आणि सगळं एकटीने निभावलंस. मला त्याचं वाईटसुद्धा वाटलं नाही.

रॅमचं सांग. राजरत्न थांबलाय.

तुझी
क्षिप्रा

•

डोंबिवली पूर्व
२३ फेब्रुवारी २०२५

प्रिय उर्वी,

आधी गंमत सांगते, नंतरचं मला लिहिता येईल की नाही माहीत नाही.

प्रोसेसर थंड ठेवायला कूलर लागतो. जितका मोठा तितका त्याचा पंखा सावकाश फिरतो आणि आवाज कमी. मी सगळ्यांत मोठा घेतला, विटेएवढा. राजरत्नने घरी येऊन सगळं जोडलं, आणि शेवटी कॅबिनेटचं झाकण लागेना. कूलर दोन बोटं वर. मी उंची मोजलीच नव्हती. सौमित्र ऑफिसातून आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "आम्हा वागळे इस्टेटच्या कारखानेवाल्यांना आधी विचारायची पद्धत आहे. माप घेऊन मग ऑर्डर देतात." राजरत्न कपाळाला हात लावून बसला होता, म्हणाला, "सर, मी बोललेलो मॅडमना, छोटा घ्या. मॅडम ऐकतात कुठे." चार दिवस कॉम्प्युटर उघड्या पोटाने टेबलाखाली बसून होता. मग मोठं कॅबिनेट आलं.

आता झाकण बंद आहे. चालू केल्यावर मी कान लावून बघितलं. दिवा दिसतो म्हणून चालू समजायचं. माइक गोधड्यांच्या कपाटासमोर ठेवलाय, दारं उघडी टाकून, म्हणजे आवाज भिंतीवर आपटून परत येत नाही. दुपारी दोन ते चार इमारतीचा पंप बंद असतो, शेजारचा मिक्सरही. त्या दोन तासांत माझी खोली खरंच गप्प होते.

त्या खोलीत मी पहिल्यांदा काय ऐकलं माहीत आहे? तुझ्याकडची तालीम. सान्वीच्या लग्नाच्या आदल्या दिवशीची, किती मिनिटं होतात ते बघायला मी मोबाइलवर घेतली होती. दोन वर्षं ती माझ्याकडे आहे. लॅपटॉपवर एकदा लावली होती, गिरणीत काही कळेना, आणि बरं वाटलं की कळेना. काल हेडफोन लावून नीट ऐकली. तू म्हणतेस, मध्येच थांबतेस आणि ओरडतेस, "सान्वी, डोळे पुसू नकोस गं, मेंदी ओली आहे." आणि पुन्हा तिथूनच सूर धरतेस, एक केसभर इकडेतिकडे नाही.

त्या लग्नात तुझा घसा बसलेला नव्हता, उर्वी.

मी खोटं सांगितलं. तू मागच्या खोलीत यायच्या थोडा वेळ आधी मंदाकिनीताई आल्या होत्या, सान्वीच्या सासऱ्यांची बहीण. हातात पेढ्यांचा द्रोण. फार गोड बोलल्या. "तुम्ही दोघी म्हणणार ना? तुम्ही एकट्याच म्हणा की. त्यांचे यजमान जाऊन अजून दोन वर्षं नाही झाली. आम्ही नाही हो मानत, पण गावाकडची मोठी माणसं आलीयत. विधवेच्या तोंडून नको म्हणतात. उद्या काही झालं तर बोल पोरीवर येतो." यावर काय म्हणायला हवं होतं, ते आता मला पन्नास प्रकारांनी सुचतं. तेव्हा मी म्हटलं, "बघते."

मग तू आलीस. अबोली साडी होती. माझ्या कानाशी वाकून ओळ म्हणालीस. इतकी स्वच्छ म्हणालीस की माझ्या अंगावर काटा आला. आणि मी म्हटलं, "नको गं. चिरतोय आवाज. आज मी एकटीच म्हणते." तू एकदाच विचारलंस, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." तू वही माझ्या हातात दिलीस, कडवी सगळी तूच लिहिलेली, आणि माझा पदर सारखा केलास.

एका वेळचं खोटं असतं तर कदाचित मी दुसऱ्या दिवशी सांगून टाकलं असतं. पण मी ते वाढवत नेलं. दर फोनला विचारायचे, "घसा कसा आहे आता?" तू गरम पाणी, हळद, ज्येष्ठमध करत राहिलीस. डॉक्टरकडे गेलीस, त्याला काही सापडलं नाही, तेव्हा म्हणालीस, "मग वयच असेल." मी म्हटलं, "असेल." शेवटी तू म्हणालीस, "माझ्यामुळे तुझं काम नको बिघडायला," आणि फोन उचलणं बंद केलंस. तुला ते विचारणं किती जड जात असेल हे मला तुझा फोन बंद झाल्यावर कळलं.

मी स्वतःला सांगत आले, की मी तुला त्या बाईंच्या बोलण्यापासून वाचवलं. तसं नाही. मला भांडायचं नव्हतं. आणि आणखी एक आहे, तेही लिहिते. त्या मांडवात एकटीने म्हणताना मला आवडलं. सगळे माझ्याकडे बघत होते.

हा कॉम्प्युटर तुझ्या आवाजासाठी केलाय. पहिल्या पत्रापासून तुला कळलंच असेल.

क्षिप्रा

•

डोंबिवली पूर्व
९ मार्च २०२५

प्रिय उर्वी,

माझंच पत्र परत आलं तेव्हा वाटलं, न उघडताच पाठवलंस. मग पाकीट उलटं केलं, तर मागे तुझं अक्षर. इतक्या वेळा वाचलंय की पाठ झालं. तरी इथे उतरवते, म्हणजे मी नीट वाचलं हे तुला कळेल.

"मंदाकिनीताई आधी माझ्याकडे आल्या होत्या. मी त्यांना तोंडावर सांगितलं, मुलगी माझी आहे, मी म्हणणार. त्या गप्प बसल्या. तुला हे सांगायलाच मी मागच्या खोलीत आले होते. तू आवाज चिरतोय म्हणालीस म्हणून गप्प बसले. दोन वर्षं मी देवापुढेसुद्धा म्हटलेलं नाही. डोंबिवलीला बोलावू नकोस, मी येणार नाही. रॅम बत्तीस घे."

म्हणजे त्या माझ्याकडे तुझा नकार ऐकूनच आल्या होत्या. तू एकटीने जे करून दाखवलंस ते मी दोन वाक्यांत मोडलं, आणि तुला ते मोडलंय हेही कळू दिलं नाही. हे वाचून मी बराच वेळ गोधड्यांच्या कपाटासमोर बसले होते. सौमित्रने दारातून विचारलं, "रेकॉर्डिंग चालू आहे का?" मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "मग रड हवं तेवढं," आणि कुकर लावायला गेला. त्याला सगळं सांगितलंय. तो नुसतं म्हणाला, "उर्वी येऊन पदर सारखा करून गेली, हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस."

रॅम बत्तीसच घेतलीय, तुझं उत्तर यायच्या आधीच. दोनच आवाजांना एवढी कशाला म्हणून राजरत्न कुरकुरला होता. आज दुकानात जाऊन त्याला सांगितलं, "जिला कळतं तिनेही बत्तीसच सांगितली." तो म्हणाला, "आहे एक म्हणालात त्याच का?" मी मान हलवली. "मग आणा त्यांना एकदा. बघू तरी, कोणासाठी कॅबिनेट बदलायला लावलात." मी बाहेर पडले.

एक गोष्ट गेल्या पत्रात लिहायची टाळली. तुझं शेवटचं कडवं मी मांडवात म्हटलं नाही. नंतर तू विचारलंस, तर मी सांगितलं मुहूर्त आला. मुहूर्त आला नव्हता. गुरुजी माझ्याकडे बघून चार बोटं दाखवत होते, अजून चार मिनिटं. मी तुझं पान उलटलं आणि नद्यांचं नेहमीचं कडवं दोनदा म्हटलं. मंदाकिनीताई समोर उभ्या होत्या, अक्षता धरून. मला वाटलं, स्वानंदचं नाव नको आत्ता. नाव तर तू कुठे घातलंही नव्हतंस.

नाही आज पिता, तरी अजुनिही दारात त्याची उभी
छाया...

चारही ओळी मला येतात. कधी मोठ्याने म्हटल्या नाहीत, तेवढा हक्क माझा नाही एवढं कळतं. तालमीच्या फाइलमध्येही हे कडवं नाही. ते आलं तेव्हा तू हात वर करून म्हणालीस, "हे आज नको, सान्वी समोर आहे, हे उद्याच." म्हणजे ते कडवं आजवर कुणीच म्हटलेलं नाही, उर्वी. सान्वीने ते ऐकलेलंच नाही. तिला ते आहे हे तरी माहीत आहे का?

डोंबिवलीला येऊ नकोस. मी येते. कॉम्प्युटर गाडीच्या मागच्या सीटवर मावतो, सौमित्रने माप घेतलंय, या वेळी आधी. तुमच्या आतल्या खोलीत ठेवून देईन, कपाटाची दारं उघडून माइक लावून देईन, कुठलं बटण दाबायचं ते चिठ्ठीवर लिहीन. मग मी खाली पार्किंगमध्ये जाऊन बसेन. तू बोलावल्याशिवाय वर येणार नाही, आणि नाही बोलावलंस तर सौमित्र येऊन सगळं उचलून नेईल. हवं तर दहादा म्हण, हवं तर एकदाही म्हणू नकोस. फाइल मी ऐकणार नाही, तिची प्रत ठेवणार नाही. ती सान्वीची.

तू नाही म्हणशील. मंदाकिनीताईंना म्हणालीस तसं मलाही तोंडावर म्हण, तेवढं तर मला ऐकायलाच हवं. पण मला हे विचारायचंच आहे, आणि तू नाही म्हणशील म्हणून न विचारता बसणं मी एकदा करून बघितलंय.

रविवारी दुपारी दोनला येऊ?

तुझी
क्षिप्रा